गाढवाच्या दगडावर रंगाचा दुसरा हात मारण्याआधी: उत्तर कोकणातल्या देवस्थान कमिट्यांना खुलं पत्र

अध्यक्षसाहेब, सेक्रेटरी, खजिनदार, पावती पुस्तक घेऊन उन्हातान्हात फिरणारी पोरं आणि जीर्णोद्धाराच्या कामात राबणारी बाकी सगळी मंडळी, नमस्कार.

हे पत्र कुणा एका कमिटीला नाही. पालघर, ठाणे, मुंबई, रायगड या पट्ट्यात ज्या ज्या देवळाच्या आवारात, वेशीवर, तळ्याच्या काठाला नाहीतर जुन्या विहिरीजवळ एक उभा दगड आहे, ज्याच्यावर वर चंद्र-सूर्य आणि खाली गाढव आणि बाई असं बघायला अवघड वाटणारं चित्र कोरलंय, त्या सगळ्या गावांतल्या कमिट्यांना आहे. आमच्या गावचं नाव लिहीत नाही, कारण आमच्या कमिटीतले निम्मे लोक माझे काका-मामा लागतात आणि परत जेवायला त्यांच्याच घरी जायचंय.

झालं असं की शिमग्याला गावी गेलो. देवीच्या देवळाचं काम जोरात झालं होतं, नवीन सभामंडप, ग्रॅनाइटच्या पायऱ्या, स्टीलचे कठडे, सगळं चकाचक, त्याबद्दल खरंच कौतुक, वर्गणी काढून एवढं काम उभं करणं सोपं नसतं. पण उंबराखालचा आमचा दगड बघितला आणि पोटात गोळाच आला. गेटला, टाकीच्या शिडीला मारतात ना तो सिल्व्हर ऑइल पेंट, तो वरपासून खालपर्यंत मारलेला. आणि खालचा हातभर भाग नवीन ओट्याच्या टाइल्समध्ये गाडून टाकलेला, का तर म्हणे ते चित्र घाण आहे, बायाबापड्या दर्शनाला येतात, बरं दिसत नाही.

ह्या दगडाला लहानपणी आम्ही स्टंप म्हणून वापरलाय, त्यामुळे मी काय फार सोवळा आहे असं नाही. पण आठ-दहा वर्षांपूर्वी एका मित्राने शिकवलं की असा दगड दिवसा नाही वाचायचा, रात्री मोबाईलची टॉर्च एका कडेला धरायची, उजेड तिरपा पडला की झिजलेल्या अक्षरांच्या खाचांत सावली साचते. केलं तसं, आणि जिथं आयुष्यभर नुसता खडबडीत दगड बघितला होता तिथं पहिल्या ओळीत 'स्वस्ति' उभं राहिलं. अंगावर काटा. दुसऱ्या ओळीत 'सक', म्हणजे शक, आणि त्यापुढे आकडे, पण ते इतके झिजलेले की पहिला नऊ आहे की एक आहे ह्याच्यावर आम्ही रात्री बारापर्यंत भांडत बसलो. फोटो काढला तो धड आला नाही, म्हटलं पुन्हा कधीतरी नीट काढू. आता त्या खाचा रंगाने भरल्यात.

मीटिंगला विषय काढला तर एक काका म्हणाले, अरे पण एवढं काय त्यात, कुठला राजा होता तो, शिवाजी महाराज आले होते का इथं? त्यांनी काही वाईट बुद्धीने विचारलं नव्हतं. आपल्याला शाळेत एक ओळ असते, 'कोकणात शिलाहारांचे राज्य होते', आणि पुढच्या ओळीला यादव सुरू. म्हणून म्हटलं सविस्तर लिहूनच टाकू.

तर काका, राजा शिलाहार होता. म्हणजे आमच्या दगडावरचं नाव वाचलं गेलेलं नाही, पण आपल्या पट्ट्यातले हे दगड बहुतेक त्यांच्या काळातले, काही त्यांच्या मागून आलेल्यांचे. आणि राजा म्हणतोय तरी तो छोटा राजा. शिलाहारांची तीन घराणी, एक आपलं उत्तर कोकणातलं, एक दक्षिण कोकणात खारेपाटणकडचं आणि एक कोल्हापूरचं. मी बोलतोय ते आपल्यावाल्यांबद्दल. साधारण इ.स. ८०० च्या आसपास राष्ट्रकूट सम्राट तिसरा गोविंद ह्याच्या काळात पहिल्या कपर्दीला कोकण मिळालं, आणि तिथून १२६० च्या दशकापर्यंत, म्हणजे साडेचारशे वर्षांहून जास्त, हे घराणं इथं टिकलं. वीसेक राजे. ताब्यात किती, तर ताम्रपटांत लिहितात 'पुरी प्रमुख असलेली १४०० गावं'. त्यातला साष्टीचा भाग म्हणजे षट्षष्टी, सहासष्ट गावांचा विषय (विषय म्हणजे तेव्हाचा जिल्हा समजा), त्याचंच साष्टी झालं. म्हणजे आज लोकल पकडून जी माणसं अंधेरी-बोरिवली-मुलुंड करतात ती सगळी ह्या सहासष्ट गावांच्या हिशेबातच फिरतायत.

स्वतःबद्दल बोलायला मात्र मागे नव्हते. जीमूतवाहनाचे वंशज म्हणवायचे, तोच जीमूतवाहन ज्याने शंखचूड नागाच्या बदली गरुडापुढे शिळेवर स्वतःला ठेवलं, म्हणून शिळेवरचा आहार, शिलाहार. झेंड्यावर सोन्याचा गरुड. आणि बिरूद 'तगरपुराचे स्वामी', तगर म्हणजे आपलं धाराशिव जिल्ह्यातलं तेर. तेर ह्यांच्या ताब्यात कधी नव्हतंच म्हटलं तरी चालेल, पण मूळ गाव सोडून चार पिढ्या झाल्या तरी आपण आडनाव तिकडचंच लावतो ना, तसंच ते.

आता गंमत अशी की ज्या पुरीचं नाव प्रत्येक ताम्रपटात येतं ती राजधानी नेमकी कुठं होती हे आजही पक्कं ठरलेलं नाही. कुणी घारापुरी म्हणतं, कुणी दंडा-राजपुरीकडची राजपुरी म्हणतं. पुढे श्रीस्थानक म्हणजे ठाणं महत्त्वाचं झालं, पण ठाण्यातही ह्यांचा वाडा दाखवा म्हटलं तर दाखवता येत नाही. किल्ला नाही, वाडा नाही, बखर नाही, कुणी रोजनिशी लिहून ठेवली नाही. १७८७ मध्ये ठाण्याच्या किल्ल्यात पाया खणताना ताम्रपट सापडले, अरिकेसरी नावाच्या राजाचे, शके ९३९ म्हणजे १०१७ चे, ते वाचले तेव्हा कुठं ह्या घराण्याची अशी कागदोपत्री ओळख पटायला सुरुवात झाली. एका माणसाच्या कुदळीने. म्हणून हे सगळं घराणं आपल्याला माहीत आहे ते थोडी देवळं, काही ताम्रपट, आणि हे उभे दगड एवढ्यावरच.

आणि बाहेरच्यांनी लिहिलेलं, त्याच्यावर येतोच.

आधी हे सांगतो की छोटा राजा म्हणजे नक्की काय, कारण मला स्वतःला हे घराणं आवडायला लागलं ते ह्याच्यामुळे. हे मांडलिक. आधी नुसते सामंत, पुढे महामंडलेश्वर, वरच्या सम्राटाने पाच वाद्यं वाजवायचा मान दिला की तो मान दर वेळी पत्रात लिहायचा, आपल्याकडे लग्नपत्रिकेत 'माजी सरपंच' लिहितात तसा. राष्ट्रकूट साम्राज्य ९७३ ला कोसळलं, चालुक्य तैलपाने संपवलं. शहाणा मांडलिक काय करेल, नवीन मालकाला मुजरा घालेल. आपला अपराजित काय करतो बघा, ९९७ च्या भादाणे ताम्रपटात, भादाणे म्हणजे भिवंडीकडचं, स्वतःची वंशावळ सांगण्याआधी मेलेल्या राष्ट्रकूटांची अख्खी वंशावळ लिहितो, एकेक राजा, आणि त्यांचं राज्य गेलं म्हणून हळहळतो. चोवीस वर्षं झाली होती साम्राज्य बुडून! तैलपाला मालक मानलं असं कुठं लिहीत नाही. उलट स्वतःला पश्चिमसमुद्राधिपती म्हणवून घेतो. जमीन १४०० गावांची, पण समुद्र सगळा आमचा. (ह्याला कोकणी ताठा म्हणा हवं तर.)

तसा समुद्र खरंच कामाचा होता. झंझ राजाच्या वेळी, ९१६ च्या सुमारास, अल्-मसूदी नावाचा अरब प्रवासी सैमूरला म्हणजे चौलला येऊन गेला, त्याने राजाचं नाव झंझ असं नोंदवलंय आणि गावात दहा हजाराच्या आसपास मुसलमान राहतात असं लिहिलंय. हे राजे स्वतः शिवभक्त, पण पुल्लशक्ती आणि दुसरा कपर्दी ह्यांच्या काळात, ८४३ पासून ८७७ पर्यंत, कान्हेरीच्या लेण्यांत बौद्ध भिक्षूंसाठी दानं चालू आहेत, त्यातला एक दानकर्ता तर गौड देशातून म्हणजे बंगालकडून आलेला, अविघ्नाकर नाव त्याचं. आणि १०३४ मध्ये संजाणला शिलाहारांच्या हाताखाली चामुंडराज नावाचा मांडलिक होता, म्हणजे मांडलिकाचा मांडलिक, त्याने एका मठिकेला तेलाचा घाणा दान दिला. कशासाठी, तर देवीपुढे दिवा लावायला आणि बाहेरून आलेल्या विद्वान पाहुण्यांच्या पायाला चोळायला तेल पाहिजे म्हणून. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा बराच वेळ नुसता बसून राहिलो. हजार वर्षांपूर्वी चालून चालून आलेल्या माणसाचे पाय दुखत असतील एवढा विचार करून कुणीतरी तांब्यावर कोरून ठेवलंय. हे ताम्रपट डहाणूजवळ चिंचणीला सापडले.

छित्तराज, नागार्जुन आणि मुम्मुणी हे तिघे भाऊ एकामागून एक गादीवर आले. ह्यांच्या दरबारात सोड्ढल नावाचा कवी होता, तो तिघांनाही धरून होता, म्हणजे राजा बदलला तरी मानधन चालू, हुशार माणूस. छित्तराजाचा १०२६ चा ताम्रपट भांडुपला सापडला, त्यात एका शेताच्या चतुःसीमा दिल्यात आणि एका बाजूला राजपथ. आज तिकडे शेत शोधून दाखवावं कुणी. अंबरनाथचं शिवमंदिर तुम्ही सगळ्यांनी बघितलंच असेल, महाशिवरात्रीला तर चालायला जागा नसते. उत्तरेकडच्या दारावर लेख आहे, शके ९८२ चा श्रावण, म्हणजे १०६० साल, मुम्मुणीचा, आणि त्यात छित्तराजाचंही नाव आहे. तो लेख नसता तर आपण अंबरनाथ पांडवांनी एका रात्रीत बांधलं एवढंच सांगत बसलो असतो, अजूनही सांगतोच म्हणा.

नंतर घरात भांडणं लागली. कोकणातला माणूस आहे म्हटल्यावर भाऊबंदकी आलीच, ती राजाला तरी कशी चुकेल. त्या भानगडीत गोव्याच्या कदंबांनी हात धुऊन घेतले, मुलुख नासला. मग अनंतदेव उभा राहिला, त्याच्या शके १०१६ च्या ताम्रपटात स्पष्ट लिहिलंय की भाऊबंदांच्या कलहात माजलेल्या लोकांनी देवाब्राह्मणांना छळलं होतं, त्यांना आपण घालवलं. आणि त्याच ताम्रपटात भाभण नावाच्या प्रधानाच्या आणि त्याच्या भावाच्या जहाजांना बंदरातली जकात माफ केलीय. बंदरं कुठली, तर स्थानक, नागपूर, शूर्पारक, चेमुली. ठाणे, नागाव, सोपारा, चौल. नागपूर म्हणजे विदर्भातलं नव्हे, अलिबागजवळचं आपलं नागाव, जिथं आता शनिवार-रविवार बनाना राइडला लाइन लागते. प्रधानच व्यापारी आणि प्रधानालाच टॅक्स माफ, ह्याच्यावर तुम्हाला जे वाटलं तेच मलाही वाटलं.

अपरादित्याबद्दल एकच सांगतो, नाहीतर पत्र संपणार नाही. त्याने बाराव्या शतकात तेजकंठ नावाचा आपला दूत थेट काश्मीरला पाठवला होता, तिथल्या मंख कवीने विद्वानांच्या सभेचं वर्णन करताना त्याचं नाव घेतलंय. आणि याज्ञवल्क्य स्मृतीवर अपरार्क म्हणून जी मोठी टीका आहे ती ह्याच राजाच्या नावावर आहे. ठाण्याचा राजा, श्रीनगरपर्यंत माणूस. बास.

आता मघाशी म्हटलं ते बाहेरच्यांनी लिहिलेलं. इथं जरा थांबा, कारण माझं सगळं म्हणणं ह्याच्यावरच उभं आहे.

मल्लिकार्जुन नावाचा शिलाहार राजा होता, साधारण ११५५ ते ११७० च्या मधला. त्याची गोष्ट मेरुतुंग नावाच्या जैन ग्रंथकाराने लिहून ठेवलीय, गुजरातेत, आणि ती पण जवळजवळ दीडशे वर्षांनी. गोष्ट भारी आहे. गुजरातच्या कुमारपाळाच्या दरबारात एका भाटाने मल्लिकार्जुनाची स्तुती म्हटली, त्यात त्याला 'राजपितामह' म्हटलं, म्हणजे सगळ्या राजांचा आजोबा. कुमारपाळ भडकला. अंबड नावाच्या मंत्र्याला फौज देऊन पाठवला. पहिल्या वेळी आपल्या मल्लिकार्जुनाने त्याला नदी ओलांडताच असा चोपला की अंबड परत गेला तो काळे कपडे, काळी छत्री घेऊन गावाबाहेर तंबू ठोकून बसला, लाजेने. कुमारपाळाला त्याची ती लाजच आवडली, त्याने आणखी मोठी फौज दिली, अंबड परत आला, नदीवर पूल बांधला, लढाईत मल्लिकार्जुनाचं डोकं कापलं आणि ते सोन्यात मढवून बाकीच्या लुटीबरोबर कुमारपाळापुढे ठेवलं. आणि बक्षीस काय मिळालं अंबडाला? 'राजपितामह' ही पदवी. तीच.

विचार करा, आपल्या राजाबद्दलची सगळ्यात रंगतदार गोष्ट कुणी लिहिली तर ज्यांनी त्याचं डोकं नेलं त्यांनी. आपल्या बाजूने मल्लिकार्जुनाचं काय उरलंय? चिपळूणला सापडलेला एक लेख आणि वसईला सापडलेला एक लेख. एवढंच. ते दोन दगड कुणी पायरीला लावले असते नाहीतर चुन्यात घातले असते तर मल्लिकार्जुन म्हणजे फक्त एक कापलेलं डोकं राहिलं असतं, गुजरातच्या गोष्टीतलं. त्या दगडांमुळे तो राज्य करणारा माणूस होता, त्याच्या हाताखाली अधिकारी होते, दानं होत होती, हे कळतं.

शेवटच्या सोमेश्वराचंही तसंच. देवगिरीच्या महादेव यादवाने कोकणावर स्वारी केली. ह्याची हकीकत कुणी लिहिली, तर यादवांचा प्रधान हेमाद्री, हो तोच हेमाडपंत. तो लिहितो की कोकणचा सोम पोहण्यात तरबेज असूनही महादेवाच्या हत्तींच्या मदाच्या पुरात फौजेसकट बुडाला. आणि दुसरीकडे म्हणतो की महादेवाच्या रागापेक्षा समुद्रातला वडवानल, म्हणजे पाण्यातली आग, बरा म्हणून त्याने समुद्र जवळ केला. टोमणाच आहे हा, पश्चिमसमुद्राचे अधिपती ना तुम्ही, मग घ्या समुद्र. साडेचारशे वर्षांचं घराणं संपलं आणि त्याच्यावर जिंकलेल्याच्या प्रधानाने कोटी करून ठेवली, तीच आपण आजपर्यंत वाचतोय. बोरिवलीत एक्सरला वीरगळ, म्हणजे लढाईत मेलेल्या वीरांच्या आठवणीचे दगड, आहेत, त्यावर वल्ह्यांच्या रांगा असलेली जहाजं कोरलीत, हत्ती आहेत, लढाई आहे, मेलेला वीर वर कैलासात पिंडीची पूजा करताना दाखवलाय. इतिहाससंशोधक वा. वि. मिराशींचं मत असं की ती हीच लढाई. तसं असेल तर हरलेल्या बाजूची ती एकमेव साक्ष, शब्द नाहीत, नुसती चित्रं.

आणि सोमेश्वर शेवटी कधीपर्यंत होता हे कशावरून कळतं? उरणकडच्या दोन दगडांवरून. रानवडचा १२५९ चा, चांजेचा १२६० चा. शाही ग्रंथ वगैरे काही नाही, गावातले दगड. १२७२ ला ठाण्यात यादवांचा अधिकारी अच्युत नायक ताम्रपट देताना दिसतो, म्हणजे मधल्या बारा वर्षांत काय ते झालं. ह्या बारा वर्षांतला एखादा दगड अजून कुठल्यातरी गावात उभा असेल. किंवा तुमच्या नवीन सभामंडपाच्या पायात गेला असेल. मला माहीत नाही, तुम्हालाही नाही, हाच तर त्रास आहे.

बरं आता त्या गाढवाकडे येऊ, कारण खरी अडचण तिथंच आहे ते मला कळतं. ह्याला गधेगळ म्हणतात. राजाने किंवा त्याच्या अधिकाऱ्याने देवाला, मठाला, कुणाला जमीन नाहीतर उत्पन्न दिलं की ते दगडावर कोरायचं. वर चंद्र-सूर्य, म्हणजे ते आहेत तोपर्यंत हे दान चालेल. मध्ये मजकूर. आणि खाली, हे दान जो मोडेल त्याला शिवी. संस्कृत ताम्रपटांत ही धमकी सभ्य भाषेत असायची, दुसऱ्याला दिलेली जमीन बळकावणारा साठ हजार वर्षं विष्ठेतला किडा होतो म्हणून (सभ्य म्हणजे तेवढीच). पण गावात संस्कृत वाचणार कोण? म्हणून मराठीत लिहिलं, आणि ज्याला मराठीही वाचता येत नाही त्याच्यासाठी चित्र काढलं. परळला सापडलेल्या दुसऱ्या अपरादित्याच्या (काश्मीरला दूत पाठवणारा तो पहिला) ११८७ च्या लेखात बाकी सगळं संस्कृत चाललंय आणि शिवीला आल्यावर राजाची लेखणी एकदम मराठीत येते: 'जो कोणु हुवि ए शासन लोपी', त्याच्यावर वैद्यनाथदेवाची भाल सकुटुंब पडो, आणि पुढे 'तेहाची माय गाढवें' वगैरे. पुढचं तुम्हीच पूर्ण करा, चित्र समोर आहेच.

आईवरून शिवी आहे, आज ती कुणाला आवडणार नाही आणि आवडू पण नये. मोडणार पुरुष आणि भोगणार त्याची आई, हे तेव्हाही अन्यायाचंच होतं. पण ते चित्र अश्लील म्हणून काढलेलं नाही, ते आजच्या भाषेत स्टॅम्प पेपरवरचा दंडाचा क्लॉज आहे. आणि आपली मराठी भाषा पहिल्यांदा दगडावर उमटली त्या थोड्या जागांत हे दगड बसतात. अलिबागजवळच्या आक्षीचा दगड घ्या. त्याच्यावर केसीदेवराय, 'पसीमसमुद्राधिपती स्री कोंकणा चक्रिवर्ती' अशी सुरुवात आहे, महालक्ष्मीच्या नावाने दान आहे, आणि जुन्या मराठी लेखांचे अभ्यासक शं. गो. तुळपुळ्यांच्या वाचनाप्रमाणे साल शके ९३४, म्हणजे १०१२. त्या आकड्यांच्या वाचनावर वाद आहेत. वाद ते आकडे दिसतात म्हणून तरी घालता येतो! ते 'पसीम' बघितलंत का, पश्चिम नाही, पसीम. कोरणारा जसा बोलत होता तसंच कोरून गेला. आमची आजी 'परमान' म्हणायची, प्रमाण नाही, ते वाचून तिचीच आठवण आली.

तर कमिट्यांना विनंती काय, ती सांगतो. ऑइल पेंट मारू नका, सिल्व्हर, सोनेरी, काळा कुठलाच, रंग झिजलेल्या अक्षरात जाऊन बसतो आणि तिथंच राहतो. शेंदूर पिढ्यान्पिढ्या लागत असेल तर तो श्रद्धेचा भाग आहे, त्यावर मी कोण बोलणार, पण नवीन दगडाला नव्याने थापायला सुरुवात नका करू. आणि आता रंग मारूनच झाला असेल तर जोशात येऊन तो काढायला पण जाऊ नका, तारेचा ब्रश, थिनर, ॲसिड, ग्राइंडर ह्याने रंगाबरोबर अक्षर पण जातं, राज्याच्या पुरातत्त्व खात्याला एक अर्ज टाका आणि त्यांचा माणूस येईपर्यंत आहे तसं राहू द्या. उशीर लागेल, लागू दे, हजार वर्षं थांबलाय तो दगड. ओट्यात, भिंतीत, पायरीत चिणू नका, लाज वाटत असेल तर पुढे झाडाची कुंडी ठेवा, मला चालेल. खाडीत तर बिलकुल टाकू नका, 'शापाचा दगड आहे, घरात माणसं आजारी पडतात' म्हणून दोन ठिकाणी टाकल्याचं मी स्वतः ऐकलंय. शाप आहे तो दान मोडणाऱ्याला, बाजूला घर बांधणाऱ्याला नाही. आणि खाली सोनं पुरलंय म्हणून खणणाऱ्या पोरांना कुणीतरी सांगा की खाली काही नसतं, जे काय होतं ते वर लिहिलंय. पाया खणताना खरंच ताम्रपट, नाणी, मूर्ती काही सापडलं तर ते तहसीलदार-कलेक्टरला कळवावं लागतं, १८७८ पासूनचा निखात निधी कायदा आहे, घरी देव्हाऱ्यात ठेवून चालत नाही.

आणि एक फोटो. रात्री, बाजूने टॉर्च धरून, दगडाच्या चारही बाजूंचा, शेजारी एक पट्टी ठेवून. पाच मिनिटांचं काम आहे आणि पैसा लागत नाही. कमिटीच्या ग्रुपवर रोज सकाळी गुलाबाची फुलं टाकणारे तीन जण आहेत आमच्याकडे, त्यांनी एक दिवस हा फोटो टाकला तर काय बिघडेल.

माझ्या गावच्या कमिटीतल्या काका-मामांनो, तुम्ही हे वाचणार आणि मला फोन येणार ते माहितीये. तुम्ही मुद्दाम केलं नाही, तुम्हाला तर तो दगड स्वच्छ दिसावा असंच वाटत होतं. टाइल्स राहू देत तूर्तास. पण नवरात्रीच्या आधी रंगाचा दुसरा हात मारायचं ठरलंय असं कळलं, तेवढा थांबवा. पहिल्या हाताखाली 'सक'च्या पुढचे आकडे कदाचित अजून निघतील, दुसऱ्यानंतर नाही. आणि सिल्व्हरचा अर्धा डबा उरलाय तो मागच्या गेटला मारा, खालून गंज चढलाय त्याला, शिमग्याला पालखी आत घेताना माझाच शर्ट अडकून फाटला.

आपला,
स्टंप म्हणून त्याच दगडावर आउट झालेला एक ग्रामस्थ